गणक, गण आणि पाच पत्ते

'संगणक' हा शब्द आज यंत्राचा वाचक आहे. तो इतका रुळला आहे की त्याच्या पोटातला 'गणक' हा कधीकाळी हाडामांसाचा माणूस होता, याचा आपल्याला विसर पडला आहे. संस्कृतात गणक म्हणजे हिशेब करणारा, ग्रहगती मांडणारा, ज्योतिषी. इंग्रजीतही वेगळे नव्हते. 'कॉम्प्युटर' हे सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आकडेमोड करणाऱ्या व्यक्तीचे नाव होते. राधानाथ सिकदार १८३१ साली भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीस लागले ते 'कॉम्प्युटर' म्हणूनच, आणि हिमालयाच्या शिखरांच्या उंचीची गणिते अशा गणकांनी कागद-लेखणीने केलेली आहेत. यंत्राने माणसाची जागा घेतली तेव्हा त्याचे पदनामही घेतले, इतकेच.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, मुलांना संगणनाच्या मूलभूत कल्पना यंत्राविना, म्हणजे पत्ते, खडू, दोरी, काड्यापेट्या आणि स्वतःचे हातपाय यांच्या साहाय्याने शिकवण्याची जी पद्धत गेली तीसेक वर्षे 'अनप्लग्ड' या नावाने जगभर पसरली आहे, तिच्याकडे आपल्याकडे बहुधा दयाबुद्धीने पाहिले जाते. यंत्र परवडत नाही, वीज नाही, म्हणून हा पर्याय. पोहायला नदी नाही म्हणून जमिनीवर हातपाय मारायचे, तसा. आमच्या मते हा समज इतिहासाला धरून नाही. संगणनाची कल्पना यंत्राच्या आधी माणसांच्या हातांत होती आणि यंत्र तिच्यातून पुढे निघाले. मात्र त्या इतिहासात एक अडचणीची गोष्टही दडलेली आहे, आणि ती मराठी शिकवणाऱ्यांनाही जवळची आहे.

ती गोष्ट फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली. नव्या राजवटीने मापनाची दशमान पद्धत स्वीकारली, कोनसुद्धा दशमान भागांत मोजायचे ठरवले. त्यासाठी लॉगरिदम आणि त्रिकोणमितीची नवी कोष्टके हवी होती. १७९१ साली हे काम गास्पार द प्रोनी या अभियंत्याकडे आले. काम एवढे अवाढव्य की एका माणसाच्या आयुष्यात ते पुरे होणे अशक्य. प्रोनीच्या वाचनात ॲडम स्मिथचा १७७६ सालचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ आला. त्यात टाचण्यांच्या कारखान्यातील श्रमविभागणीचे वर्णन आहे: एक माणूस तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो. प्रोनीने ठरवले की आपण लॉगरिदमही टाचण्यांसारखेच तयार करायचे.

त्याने तीन थर केले. सर्वांत वर मोजके पाच-सहा गणिती, ज्यांनी सूत्रे निवडली. मधल्या थरात सात-आठ जाणकार. त्यांनी त्या सूत्रांवरून सुरुवातीच्या किमती काढून दिल्या आणि रकाने आखून दिले. सर्वांत खाली साठ-ऐंशी माणसे, ज्यांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येण्याची गरज नव्हती. त्यांतले काही जण पूर्वी उमरावांचे केशविन्यास करणारे कारागीर होते आणि क्रांतीनंतर उमरावांबरोबर त्यांचा धंदाही गेला होता, असे सांगितले जाते. या खालच्या थराला आपण काय काढतो आहोत हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची आवश्यकताही नव्हती. चार्ल्स बॅबेजने ही कोष्टके पाहिली आणि तिसऱ्या थराच्या जागी दातेरी चक्रे बसवता येतील हे त्याने ताडले. त्याच्या 'डिफरन्स एंजिन'चा संकल्प १८२० च्या दशकातला. म्हणजे यंत्राने माणसाचे अनुकरण केले असे म्हणण्यापेक्षा, माणसाला आधी यंत्र केले गेले आणि मग ती जागा यंत्राने घेतली, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

आता वर्गात या. मुलाला एखादी रीत पायरीपायरीने करायला लावताना आपण त्याला प्रोनीच्या कोणत्या थरात बसवतो? आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, औटकी घोकून घेतली गेली. या कोष्टकांचा व्यवहारात मोठा उपयोग होता आणि आम्ही त्यांची टवाळी करणार नाही. पण ती तयार उत्तरांची कोठारे होती. कोठार कसे भरले हे मुलाला कुणी दाखवले नाही. पुढे शाळांत संगणक आले तेव्हा फारसे वेगळे झाले नाही. कोणत्या मेन्यूत कोणती आज्ञा आहे, सीपीयूचे पूर्ण रूप काय, हे पाठ करणे म्हणजे संगणकशिक्षण, असा समज दृढ झाला. यंत्र समोर असूनही मूल तिसऱ्याच थरात. तेव्हा प्रश्न यंत्र आहे की नाही हा मुळात नाही. मुलाला पहिल्या थराकडे जाण्याचा जिना आहे की नाही, हा आहे.

विसाव्या शतकात हा जिना बांधण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांत यंत्राविना केलेले प्रयत्न विशेष लक्षणीय आहेत. ॲलन ट्युरिंगने बुद्धिबळाचा 'प्रोग्राम' लिहिला तेव्हा तो चालवू शकेल असे यंत्र हाताशी नव्हते. १९५२ साली त्याने स्वतःच यंत्र होऊन, नियमांचा कागद समोर ठेवून, एक डाव खेळला. एकेका चालीला अर्धा-अर्धा तास लागला, आणि तो डाव तो हरला. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये त्याचा सहकारी असलेल्या डॉनल्ड मिकीने १९६१ साली याच्याही पुढची गोष्ट केली. त्याने ३०४ काड्यापेट्या एकमेकींना चिकटवून फुली-गोळा शिकणारे यंत्र तयार केले. प्रत्येक पेटीवर डावातील एक स्थिती रेखाटलेली, आत रंगीत मणी, प्रत्येक रंग म्हणजे एक घर. पेटी हलवायची, एक मणी निघेल त्या घरात खूण करायची. डाव हरला तर निघालेले मणी जप्त. जिंकला तर त्या रंगाचे आणखी मणी बक्षीस. सुरुवातीला या पेट्या वेड्यासारख्या खेळतात, पण मिकीने त्यांच्याशी २२० डाव खेळले, आणि तोवर त्या स्वतः मिकीला भारी पडू लागल्या होत्या.

यात शिकले कोण? पेटीला काहीच कळत नाही, मण्याला त्याहून कमी, आणि पेट्या उघडणाऱ्या माणसाला तर डोके चालवण्याची मनाईच आहे. तरी काहीतरी शिकले गेले. आज 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द वर्तमानपत्रांतून देवाच्या किंवा राक्षसाच्या थाटात वावरतो. तो ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी एखादी सुट्टी या काड्यापेट्यांना द्यावी असे आम्हांला वाटते. याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळांनी १९६८ साली शाळकरी मुलांसाठी 'कार्डिॲक' नावाचा पुठ्ठ्याचा संगणक काढला. त्यातली वीज म्हणजे विद्यार्थ्याचा हात. पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची, पेन्सिलीने आकडा लिहायचा, आणि पुढची आज्ञा कोणती हे दाखवणारा पुठ्ठ्याचा छोटा किडा एक घर पुढे न्यायचा. सीमोर पेपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये रचलेली 'लोगो' ही भाषा यंत्रासाठी होती खरी, पण त्यातले कासव कसे वळेल हे कळत नसेल तर आधी स्वतः उठून चालून पाहा, असा पेपर्टचा आग्रह होता.

'अनप्लग्ड' मात्र या सगळ्याहून साध्या प्रसंगातून जन्मले. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणारे टिम बेल यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या लहान मुलाच्या वर्गात स्वतःच्या कामाविषयी बोलायला सांगितले गेले. बेल यांचा विषय मजकूर-संक्षेपन, म्हणजे तोच मजकूर कमी जागेत मावेल असा कसा लिहावा. वर्गात यंत्र नेऊन मुलांना काय दिसले असते? एक पेटी, एक पडदा. म्हणून त्यांनी कल्पना नेल्या, पेटी घरी ठेवली. कॅनडात माईक फेलोज हे गणिती शाळांतून तसेच प्रयोग करत होते. त्यांचे क्षेत्र गणनाची कठीणता, म्हणजे कोणते प्रश्न कितीही वेगवान यंत्रालाही आवरणार नाहीत, याचा अभ्यास. या दोघांना इयन विटन येऊन मिळाले आणि १९९८ साली तिघांच्या नावाने कृतींचे पुस्तक सिद्ध झाले. खगोलशास्त्र म्हणजे दुर्बिणीचे शास्त्र नव्हे, तसे संगणनशास्त्र हे संगणकाचे शास्त्र नव्हे, हा विचार फेलोज यांनी १९९३ मध्येच मांडला होता. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही माणसे संपन्न देशांतली, यंत्रे त्यांच्या टेबलावर होती. यंत्र बाजूला ठेवणे हा त्यांचा निर्णय होता, नाइलाज नव्हता.

त्यांच्या पहिल्या कृतीत पाच पत्ते आहेत. त्यांवर उजवीकडून डावीकडे १, २, ४, ८, १६ असे ठिपके. पाच मुले ओळीत उभी राहतात, प्रत्येकाच्या हाती एक पत्ता. पत्ता एकतर समोरून दिसेल, नाहीतर पालथा. तिसरी स्थिती नाही. नऊ ठिपके दाखवा म्हटले की ८ आणि १ उलगडतात, बाकीचे पालथे. मग शून्यापासून ओळीने मोजायला लावायचे. काही वेळाने मुलांच्या ध्यानात येते की उजवीकडच्या बिचाऱ्याला दर वेळी पत्ता पालटावा लागतो, त्याच्या शेजाऱ्याला एकाआड एक, त्याच्या शेजाऱ्याला चारांत एकदा, आणि डावीकडचा सोळाचा धनी निवांत उभा असतो. ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या येते आणि ती एकाच प्रकारे येते. हे शिक्षकाने सांगायचे नसते. एखादे मूल म्हणते, "सहावा पत्ता बत्तीसचा असणार," आणि त्या क्षणी ते तिसऱ्या थरातून वर चढलेले असते.

इथे मराठीच्या अध्यापकाला काही ओळखीचे वाटले पाहिजे. छंदःशास्त्रातील प्रस्तार म्हणजे दुसरे काय आहे?

साधारणतः ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला मानला जाणारा पिंगल, त्याचा दहाव्या शतकातील टीकाकार हलायुध, आणि 'वृत्तरत्नाकर'कार केदारभट्ट यांच्या परंपरेने प्रस्ताराची रीत आली आहे. तीन अक्षरांचा प्रस्तार करायचा तर पहिली ओळ सर्व गुरू. पुढच्या ओळीसाठी आधीच्या ओळीतील पहिल्या गुरूखाली लघू लिहा, त्याच्या उजवीकडचे जसेच्या तसे उतरवा, डावीकडे सगळे गुरू भरा. सर्व लघू होईपर्यंत हेच. ओळी येतात त्या अशा: गुरू-गुरू-गुरू, लघू-गुरू-गुरू, गुरू-लघू-गुरू, लघू-लघू-गुरू, गुरू-गुरू-लघू, लघू-गुरू-लघू, गुरू-लघू-लघू, लघू-लघू-लघू. म्हणजे म, य, र, स, त, ज, भ, न. पिंगलाने गण याच क्रमाने दिले आहेत. तो क्रम लहरीने आलेला नाही. पहिल्या स्तंभात गुरू-लघू एकाआड एक पालटतात, दुसऱ्यात दोन-दोन, तिसऱ्यात चार-चार. क्राइस्टचर्चची मुले हातांनी करत होती तेच, फक्त दिशा उलटी.

याहून सुंदर आहे ते 'नष्ट'. प्रस्तारातील एखादी ओळ हरवली आहे, तिचा केवळ क्रमांक ठाऊक आहे. आठही ओळी पुन्हा न मांडता ती शोधायची. संख्या सम असेल तर लघू लिहा आणि तिचे अर्ध करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि मग अर्ध करा. सहावी ओळ घ्या. सहा सम, लघू, अर्धे तीन. तीन विषम, गुरू; एक मिळवून चार, अर्धे दोन. दोन सम, लघू. लघू-गुरू-लघू, ज गण. वर मोजून पाहा, सहावाच आहे. आणि एकूण ओळी किती हे सांगणारी 'संख्या' नावाची रीत तर दुपटीवर दुप्पट करत बसत नाही. अक्षरसंख्या सम असेल तर अर्ध करा, विषम असेल तर एक वजा करा, शून्यापर्यंत या. मग त्याच पायऱ्यांनी उलटे परतताना अर्ध केले तिथे वर्ग करा, एक वजा केले तिथे दुप्पट. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांसाठी सात पायऱ्यांत उत्तर येते: ५,२४,२८८. आजच्या संगणकातही मोठे घात काढायला हीच युक्ती वापरतात. डॉनल्ड कनूथ यांनी आपल्या संगणनशास्त्राच्या महाग्रंथात, २००६ साली आलेल्या भागात, या छंदःशास्त्रज्ञांची आदराने नोंद घेतली आहे.

यावरून 'संगणक आमच्याकडे होताच' अशी आरोळी ठोकणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. तो मोह आवरावा. पिंगलाकडे द्विमान अंकगणित नव्हते. लघु-गुरूंच्या ओळींची बेरीज-वजाबाकी त्याने केलेली नाही. दोन चिन्हांत सर्व अंकगणित मांडण्याचे काम लायब्नित्सने केले आणि १७०३ साली छापले. त्याने तर १६७९ च्या टिपणात छिद्रांतून गोट्या पडून आकडेमोड करणाऱ्या यंत्राची कल्पनाही लिहून ठेवली होती. पिंगलाच्या परंपरेकडे जे होते ते आमच्या मते कमी मोलाचे नाही: नेमकी, कोणालाही करता येईल अशी रीत, आणि त्या रीतीला उलटे प्रश्न विचारण्याची हौस. आरोळी ठोकणारे नेमके हेच गमावतात, कारण 'नष्ट' स्वतः करून पाहिलेला माणूस त्यांच्यात क्वचितच आढळतो.

आणि आपण वर्गात काय करतो? 'यमाताराजभानसलगा' फळ्यावर लिहून देतो. परीक्षेत दोन चरण येतात, विद्यार्थी लघु-गुरूंच्या खुणा करतो, तीन-तीन अक्षरांवर रेघा मारतो, वृत्ताचे नाव लिहितो, गुण घेतो. प्रोनीचा तिसरा थर, शब्दशः. या दहा अक्षरांत कोणतीही सलग तीन घेतली तर एक गण मिळतो, आठ ठिकाणी आठ गण, एकही पुन्हा येत नाही, एकही गळत नाही. हे आपण सांगतो, पण हे कसे साधले असेल असा प्रश्न विचारत नाही. शेवटची दोन अक्षरे 'ल-गा' ही लघू-गुरू, सुरुवातीची 'य-मा' हीसुद्धा लघू-गुरू. म्हणजे शेपूट तोंडात धरलेल्या सापासारखे हे आठ अक्षरांचे वर्तुळ आहे. आम्ही आठ विद्यार्थ्यांना हाती लघु-गुरूचे पत्ते देऊन गोल उभे केले आणि विचारले की गण एकही न गाळता असे दुसरे वर्तुळ होईल का. वृत्ताच्या तासाला एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुले अर्धा तास जागा बदलत भांडत होती. उत्तर असे की फक्त आणखी एक होते, याचेच उलट्या दिशेने वाचलेले. तीनऐवजी चार अक्षरांचे गण मानले तर मात्र अशी सोळा वर्तुळे निघतात. अशा वर्तुळांचे गणित निकोलास द ब्रॉइन या डच गणितीने १९४६ साली मांडले आणि आज ती त्याच्या नावाने ओळखली जातात.

अनप्लग्डमधील दुसरी एक कृती तर पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी उचलावी अशी आहे. मूल दोन रंगांचे पत्ते मनाला येईल तसे पाच बाय पाचच्या चौकटीत मांडते. 'थोडे अवघड करूया' असे म्हणत शिक्षक सहज आणखी एक ओळ आणि एक स्तंभ लावतो. मग तो पाठ फिरवतो, मूल कोणताही एक पत्ता पालटते, आणि शिक्षक वळून अचूक त्याच पत्त्यावर बोट ठेवतो. जादू अर्थात त्या वाढीव पत्त्यांत आहे. ते असे लावलेले असतात की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात रंगीत पत्ते समसंख्य व्हावेत. एक पालटला की एक ओळ आणि एक स्तंभ विषम होतो, आणि ते दोन जिथे छेदतात तिथे चोर सापडतो. रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेत चुका सुधारणाऱ्या संकेतांचा पाया घातला त्यामागे हेच तत्त्व आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील आयएसबीएनचा शेवटचा अंक किंवा आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हे त्याचेच साधे भाऊबंद. निरोप थोडा जास्त लिहायचा, म्हणजे तो बिघडला तर कळते.

आपल्या परंपरेत हे जास्तीचे लिहिणे, किंवा जास्तीचे म्हणणे, अपरिचित नाही. वेदपाठाचे क्रम, जटा, घन हे प्रकार शब्द पुढेमागे गुंफून पुन्हा पुन्हा म्हणतात, ते पाठ ढळू नये म्हणून. अक्षरगणवृत्तही एका अर्थी राखणदार आहे. वसंततिलकेच्या चौदा अक्षरांतून लेखनिकाने एक गाळले तर कान तत्काळ अडतो, आणि कोणत्या गणात अडला हेही कळते. ओवीला असा राखणदार नाही. पहिल्या तीन चरणांच्या यमकाखेरीज तिच्यात मोजून धरण्यासारखे फारसे काही नाही, अक्षरे कमी-जास्त चालतात. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी एकनाथांना शके १५०६, म्हणजे १५८४ साली करावी लागली, त्यामागे इतर कारणांबरोबर ओवीचा हा मोकळेपणाही असावा, असे आम्हांला वाटते. मात्र वृत्ताची राखणही अभेद्य नाही. लेखनिकाने 'कमल' काढून 'नयन' घातले तर तीन लघूंच्या जागी तीन लघूच येतात आणि वृत्त मुकाट राहते. पत्त्यांच्या खेळातही असेच: चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरचे चार पत्ते एकदम पालटले तर जादूगाराला काहीही दिसत नाही. वर्गातली खोडकर मुले हे शिक्षकाच्या आधी शोधून काढतात.

बाकीच्या कृतींचा विस्तार इथे करत नाही. एकीत पावसाळ्यात चिखलाने तुंबणारे गाव आहे. सर्व घरे जोडली जातील पण फरशा कमीत कमी लागतील असे रस्ते शोधायचे. ओटाकार बोरूव्का याने मोराव्हियातील वीजतारांसाठी हाच प्रश्न १९२६ मध्ये सोडवला होता, तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक कुठेच नव्हता. दुसरीत अंगणात खडूने जाळे आखून सहा मुले त्यातून चालतात. दोघे भेटले की लहान अंकवाला डावीकडे, मोठा उजवीकडे, आणि पलीकडे निघतात तेव्हा आपोआप क्रम लागलेला असतो. अंकांऐवजी मुलांच्या हाती शब्द देऊन अकारविल्हे क्रम लावायला सांगावा, असे आम्ही सुचवू. 'कोश' आणि 'क्षमा' भेटले की खोळंबा होतो. शाळेतल्या वर्णमालेत क्ष शेवटी, तर अनेक कोशांत तो क च्या जोडाक्षरांत. नियम आधी ठरवल्याशिवाय जाळे पुढे सरकत नाही, आणि नियम ठरवण्याचे काम कोणतेही जाळे करून देत नाही. ते पहिल्या थराचे काम आहे.

आपल्याकडे ही दृष्टी आलीच नाही असे नाही. आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ नंतर तयार केलेल्या 'कॉम्प्युटर मस्ती' या पाठ्यक्रमात यंत्राबाहेरच्या कृतींना जागा होती. एसीएम इंडियाने २०१६ साली सुरू केलेल्या 'सीएसपाठशाला' या उपक्रमाचा तर भर अशा कृतींवरच राहिला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणनात्मक विचाराला पायाभूत टप्प्यापासून महत्त्व द्यायचे म्हटले आणि मधल्या टप्प्यात कोडिंगचा समावेश केला.

तरीही दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली, यंत्राविना शिकवता येते हे सत्य यंत्र न देण्याच्या समर्थनार्थ सोयीस्करपणे वापरले जाऊ शकते. क्राइस्टचर्चच्या मुलाला पत्त्यांचा खेळ संपल्यावर यंत्र उपलब्ध होते. ज्याच्या शाळेतली संगणकांची खोली कुलपात आहे, किंवा जिच्यातले संच धूळ खात पडले आहेत, त्याच्यासाठी तोच खेळ निराळा अर्थ घेऊन येतो. श्रीमंत शाळेत संकल्पना आणि यंत्र, गरीब शाळेत नुसती संकल्पना, अशी वाटणी झाली तर ती प्रोनीचीच वाटणी, फक्त थरांची नावे बदललेली.

दुसरी गोष्ट पद्धतीच्या आतली. इस्रायलमध्ये ताउब, आर्मोनी आणि बेन-आरी यांनी अनप्लग्ड कृती केलेल्या मुलांचा अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे आढळते की मुलांच्या विषयाविषयीच्या कल्पना बदलू लागल्या, पण यंत्र हाच या विषयाचा गाभा, हा समज बऱ्याच जणांच्या मनातून गेला नाही. आणि पुष्कळ कृतींचा मूळ संकल्पनांशी असलेला दुवा स्पष्ट करून सांगितलेलाच नव्हता. खेळ रंगला, पण कशाचा खेळ ते राहून गेले. हे वाचताना आम्हांला आमचाच वृत्ताचा तास आठवतो. लघु-गुरूंच्या खुणा बरोबर येतात आणि चरण मोठ्याने वाचायला सांगितला की विद्यार्थी तो गद्यासारखा वाचून टाकतो. अनप्लग्डच्या पुढील आवृत्त्यांत बेल आणि सहकाऱ्यांनी कृतीनंतर तीच कल्पना प्रोग्राममध्ये उतरवून पाहण्याचे पाठ जोडले: पाच पत्ते आधी हातांनी पालटायचे आणि मग त्याच पालटण्याची आज्ञा मुलांनीच यंत्राला लिहून द्यायची. 'नष्टा'ची रीत अशी लिहायला बसले तर ती दहा-बारा ओळींत मावते. बारावीच्या मुलांकडून ती लिहून घेण्यासाठी भाषेच्या आणि संगणकाच्या शिक्षकांना एका वर्गात एकत्र यावे लागेल, आणि वेळापत्रकात तसा तास कुठे आहे?